गल्लीचे रेस्ट गिव्हर

झोपलेल्या माणसाचा इतका मान ठेवणारा माणूस आमच्या जयपूरच्या घरमालक काकांखेरीज मी दुसरा पाहिला नाही. देव्हाऱ्यापुढून ते खुशाल चपला घालून जात आणि त्यावरून काकूंची बोलणी खात. पण कुणी झोपलेलं दिसलं की चपला हातात. जिन्यात गल्लीतली एक लाल कुत्री दुपारची पसरलेली असे. सत्तरीला आलेला हा गृहस्थ कठड्याला धरून तिला ओलांडून जाई आणि वर पोचल्यावर आम्हालाच दटावी, "हळू बोला ना जी, झोपली आहे ती." एकदा वर्ध्याहून त्यांचे साडू सहकुटुंब आले. काकांनी त्यांना तासभर बाहेर पायरीवर बसवून ठेवलं, कारण आत काकूंचा डोळा लागला होता. साडू पुन्हा कधी आले नाहीत. काकू म्हणत, "तेवढं एक काम चांगलं झालं यांच्या हातून."

मी विमा कंपनीत अधिकारी. दोन हजार तीन-चारच्या सुमाराला सांगलीहून बदली होऊन जयपूरला आले आणि शास्त्रीनगरात यांच्या खालच्या दोन खोल्यांत राहिले. वर हे दोघं. मराठी घरमालक मिळाला म्हणून मी देवापुढे साखर ठेवली होती. त्यांची मराठी वर्ध्याची, त्यात जयपूरची हिंदी मिसळलेली. माझी सांगलीची. पहिले काही दिवस आम्ही एकमेकांशी जरा जपूनच बोलत होतो.

रेल्वेत ते स्टेशनमास्तर होते, पण त्यांचं स्वतःचं असं स्टेशन उभ्या नोकरीत कधी नव्हतं. लहान स्टेशनांवरच्या मास्तरांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. त्या दिवशी स्टेशन काही बंद ठेवता येत नाही, म्हणून एक जादा मास्तर नेमलेला असतो. तो आज या स्टेशनावर, उद्या त्या, परवा तिसऱ्याच. जिथला मास्तर सुट्टीवर, तिथं हा हजर. या माणसाला रेल्वेत रेस्ट गिव्हर म्हणतात. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जायचं, दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं, दुसऱ्याच्या माठातलं पाणी प्यायचं आणि तो परत आला की उठायचं. लग्न ठरवताना म्हणे काकूंच्या वडिलांनी विचारलं, मुलगा करतो काय? मध्यस्थ म्हणाला, लोकांना आराम देतो. काकूंच्या वडिलांना वाटलं, मुलगा मालिश करतो. दोन दिवस ते जेवले नाहीत.

निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, देवदेव करतात. काकांनी गल्लीला रेस्ट द्यायला घेतली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, किराणावाला, देवळातले पुजारी, ज्याला कुणाला उसंत नाही त्याच्या जागेवर हे जाऊन बसत आणि त्याला घरी पाठवून देत. विचारत नसत, पाठवतच. किराणा दुकानात त्यांना एकही वस्तू सापडत नसे. गिऱ्हाईक काहीही मागो, यांचं उत्तर एकच, "शाम को आना." मी म्हटलं, काका, असं दुकान चालतं का? "मी दुकान चालवून नाही राहिलो," ते म्हणाले. "मी उघडं ठेवून राहिलो. जागा रिकामी नाही पडली पाहिजे. ती रिकामी पडली की मालकाला घरी झोप नाही लागत."

त्यांचा दुसरा नियम असा, की रेस्टवरचा मास्तर प्लॅटफॉर्मवर दिसता कामा नये. इस्त्रीवाल्याला पहिल्यांदा सुट्टी दिली, तेव्हा तो बिचारा घरी जाऊन लगेच परत आला आणि कडुनिंबाच्या झाडाआडून आपल्या टेबलाकडे बघत उभा राहिला. काकांनी त्याला हेरलं.

"तुम यहाँ नहीं हो," ते म्हणाले.

"जी?"

"तुम यहाँ हो ही नहीं. जाओ."

तो गेला. त्याच दिवशी माझ्या इरकली साडीच्या पदरावर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला. मी साडी घेऊन वर भांडायला गेले. काकांनी डाग उजेडात धरून नीट पाहिला. "साडी जळली हे खरं आहे ताई," ते म्हणाले, "पण टेबल बंद नाही पडलं." मी साडीची घडी घालून खाली आले.

काकूंचं मत वेगळं होतं. "लोकांना वाटते, हे त्यांना रेस्ट देतात," त्या मला हळूच म्हणाल्या. "अगं, हे घराबाहेर पडले की खरी रेस्ट मला भेटते."

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्दकोश होता. काका इंग्रजीचे बी.ए. आपला हुद्दा म्हणजे नेमकं काय ते तरी पाहू, म्हणून तरुणपणी त्यांनी एक जाडजूड जुना इंग्रजी कोश उघडला आणि त्या एका पानातून ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की रेस्ट हा शब्द इंग्रजीत आला तो जर्मन कुळातून. त्या कुळातल्या जुन्या भाषांत याच घराण्यातला एक शब्द चक्क अंतरासाठी वापरत, आपण कोस म्हणतो तसा. माणूस एका दमात जेवढं चालून जातो आणि मग थांबतो, तेवढं अंतर.

"मतलब समजून राहिल्या ना?" ते बोट वर करून म्हणत. "रेस्ट म्हणजे नुसतं पडून राहणं नाही. किती चालून आलो, त्याचं माप आहे ते. आधी कोस, मग खाट."

कोशात या माहितीच्या अलीकडे 'बहुधा' अशा अर्थाचा एक शब्द छापलेला होता. पान दाखवताना काकांचा अंगठा बरोबर त्याच्यावर असे. मी एकदा तो उचलायला लावला. "ते छापणाऱ्यांचं आहे," ते म्हणाले. "त्यांना सवय असते."

'बाकीचं, उरलेलं' या अर्थीही इंग्रजीत रेस्टच म्हणतात, याचा मात्र त्यांना फार राग. तो शब्द लॅटिनकडून आलेला, मूळ अर्थ मागे थांबणं. पोलीस करतात ती अरेस्ट याच दुसऱ्या घराण्यातली. विश्रांतीवाल्या रेस्टशी त्याचं नातंगोतं काही नाही. दिसतात तेवढे सारखे. काकांच्या निरोपसमारंभात एका मोठ्या साहेबांनी भाषणात गंमत केली, की आता यांच्या 'रेस्ट ऑफ लाइफ'मध्ये नुसती रेस्टच रेस्ट. टाळ्या पडल्या. गळ्यात हार घातलेले काका उठले आणि म्हणाले, "सर, वो दोनों अलग हैं." मग त्यांनी दोन्ही घराण्यांची वंशावळ सांगायला घेतली. कचोऱ्या थंड झाल्या. काकू सांगत, "फुलं गळून हाराचा नुसता दोरा राहिला, तरी यांचं लॅटिन नव्हतं संपलं."

या कोसाच्या नादापायी त्यांनी कुणाला कधी "दमलात का?" असं विचारलं नाही. संध्याकाळी ते पायरीवर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "कहाँ तक आए?" नवखा माणूस गोंधळून घराचा पत्ता सांगे.

वर्षभर हे सगळं मी गंमत म्हणून बघत होते. मग सांगलीत माझ्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही. दवाखान्यातून सोडल्यावर मी त्यांना जयपूरला घेऊन आले. बाबा साखर कारखान्यात शेती अधिकारी होते. आयुष्यभर मोटारसायकलवरून उसाच्या फडांतून हिंडलेला माणूस. तो आता शास्त्रीनगरातल्या माझ्या आतल्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून पडून होता.

दिवसा एक बाई येई. बाकी सगळं मी करत होते. आंघोळ, दाढी, भरवणं, कूस बदलणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पातळ काही द्यायचं नाही, ठसका लागून जीव जाईल. म्हणून पाणीसुद्धा दाटसर करून चमच्याने. चाकांची खुर्ची आणली, ती पाहून बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी ती प्लॅस्टिकसकट कपाटामागे ढकलून दिली. त्यांच्या डाव्या हाताच्या खुणा फक्त मलाच कळतात, अशी माझी खात्री होती. काही बरंवाईट झालंच तर ते माझ्या हातून होऊ दे, दुसऱ्याच्या नको, असा काहीतरी विचित्र हट्ट मनात धरून बसले होते. रविवारी बाईची सुट्टी, आणि दर रविवारी सकाळी काका दारात उभे. "ताई, आज रेस्ट देऊ?" दर रविवारी मी म्हणत होते, "नको." मनात म्हणत होते, ज्याने माझी साडी जाळली त्याच्या हाती बाप देऊ?

मधे एकदा काकांनी विचारलं, मराठीत असा शब्द आहे का, ज्यात चालणं आणि थांबणं दोन्ही आलं? मी म्हटलं, विसावा. ओझं घेऊन इथवर यायचं, टेकवायचं, पुढं जायचं. काकूंनी माझा हात दाबला. "आजारी माणूस आहे घरात. तिन्हीसांजेला तो शब्द नको घेऊ." तिरडी वाटेत टेकवतात ना, त्या जागेलाही विसावाच म्हणतात. मी ओशाळले. काका मात्र खुलले. "तिथं खांदेकरी बदलतात ना? हां! मतलब, खांदा देणाऱ्यांना पण रेस्ट गिव्हर आहे!" काकूंनी त्यांना आत घालवलं.

पुढे एका शनिवारी संध्याकाळी मी बाबांना भात भरवत होते. जाग आली तेव्हा माझं डोकं भिंतीला टेकलेलं होतं, मांडीवर भात सांडला होता आणि माझ्या हातातला चमचा काकांच्या हातात होता. ते बाबांना भरवत होते, अगदी सावकाश, एकेक घास गिळल्याची खात्री करून. मी दचकून उठले तसे ते वरमले. "चार्ज न घेता काम केलं," ते म्हणाले. "नियमात नाही बसत. पण तुम्ही झोपल्या होत्या."

भरवता भरवता मी झोपले. तो घास बाबांच्या घशात अडकला असता तर?

काका माझ्यापुढे बसले. "गाडी येऊन राहिली आणि मास्तर झोपला, तर मास्तरला सजा होते ताई. पण गाडीतल्या माणसांचं काय?" मग त्यांनी मला तो प्रश्न विचारला, जो ते गल्लीभर विचारत. "कुठवर आल्या?"

मी म्हटलं, "ऑफिसातून आत्ताच..."

"ते नाही. बाबा पडले तिथून. तिथून कुठवर आल्या?"

मी सांगायला लागले. सांगलीचा दवाखाना, गाडीतला तो प्रवास, पहिल्या आठवड्यातला ताप. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की किती लांब आले हे मी एकदाही वळून पाहिलेलं नाही. मग मला रडू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. बाबा माझ्याकडे बघत होते. काका खाली मान घालून चमचा धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी मी त्यांना चार्ज दिला. आले ते अंघोळ करून, कडक शर्टात, हातात स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली. सरळ उभे राहिले. मी सांगायचं, त्यांनी शब्दन् शब्द म्हणून दाखवायचा, ही त्यांची पद्धत. गोळ्या कुठल्या, केव्हा. पातळ काही नाही. कूस बदलायची. डाव्या हाताने पलंगावर टकटक केली तर भांडं हवं. खिडकी लावलेली आवडत नाही. काकांनी सगळं जसंच्या तसं म्हटलं. बाबा पडल्या पडल्या एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते.

"चार्ज घेतला," काका म्हणाले. "आता तुम्ही इथं नाही."

काकूंनी मला वर नेलं, कूलर लावला आणि त्या शेजारी भजनाला निघून गेल्या. मी ठरवलं होतं, जरा पाठ टेकायची आणि कान खाली ठेवायचे. खालून काही आवाज आला की धावायचं. कान ठेवता ठेवता मी मेल्यासारखी झोपले.

डोळे उघडले तेव्हा उन्हं उतरली होती. खाली अगदी सामसूम. मी जिना उतरले, कुत्रीला ओलांडून. खोलीचं दार लोटलेलं होतं. बाबांचा पलंग रिकामा. चादर घडी करून पायथ्याशी ठेवलेली. चादर अशी घडी करून केव्हा ठेवतात, तेवढंच मला सुचत होतं. दवाखान्यात नेलं असणार. ठसका लागला असणार. आणि मला उठवलं नाही, कारण हा माणूस झोपलेल्याला उठवत नाही! मी त्याच्या नियमांना आणि शब्दकोशाला शिव्या घालत बाहेर पळाले.

इस्त्रीवाला शर्टावर पाणी मारत होता. "मास्टरसाब? वो तो बाबूजी को लेके निकल गए. फाटक की तरफ."

"लेके? कैसे लेके?"

"कुर्सी पे, मैडमजी."

तेव्हा मला कपाटामागची मोकळी जागा आठवली. मघाशी ती दिसली होती, पण उमजली नव्हती. मी घरातल्या सपाता घालूनच धावत सुटले.

रेल्वेचं फाटक बंद होतं. अलीकडे स्कूटर, टेम्पो, एक उंटगाडी, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली. त्या सगळ्यांच्या पुढे, अगदी दांड्याला लागून, चाकांच्या खुर्चीत माझे बाबा बसले होते. अंगात घरातला सदरा नाही, तपकिरी पँट आणि इस्त्रीचा शर्ट. केस कापलेले. गालांवर एकही खूण नसलेली दाढी, तुरटीने चकचकीत. माझ्या हातून कधी अशी झाली नव्हती. शेजारी काका बशीत टोस्ट कुस्करून चहाचा लगदा करत होते आणि चमच्याने देत होते. पातळ काही नाही.

"काका!" मी ओरडले. "सांगून तरी जायचं! मला वाटलं..."

ते माझ्याकडे बघून नाराज झाले. "तुम्ही इथं काहून? तुमची रेस्ट आहे ना?"

"बाबांना बाहेर न्यायला कुणी सांगितलं होतं?"

"नेऊ नका, असं चार्जमध्ये नव्हतं सांगितलं." ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "मी दोनदा आठवून पाहिलं. मग यांना विचारलं. यांनी कपाटाकडे बोट दाखवलं."

"बाबांनी? खुर्चीकडे?"

"हो ना जी. न्हाऊन झाल्यावर. बाहेर जाऊ का म्हटलं, तर लगेच दाखवलं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती, थकवा नव्हता. मी आल्याचा आनंदही काही फारसा नव्हता. कामात असलेल्या माणसाला मधेच कुणी हाक मारावी, तसं ते माझ्याकडे बघत होते.

काका माझ्या जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वाईट नका मानू ताई. तुम्हाला वाटलं, रेस्ट तुम्हाला दिली. ती तर यांची होती. पोरीच्या हातून अंघोळ करून घेणं माणसाला किती जड जाते, ते हे सांगणार नाहीत. आता तर सांगताच नाही येत. रोज तुमच्या डोळ्यापुढं पडून राहायचं, तुमचा चेहरा पाहायचा. यांना कधी सुट्टी भेटली काय?"

गाडी आली. लांबलचक मालगाडी होती, बाबा तिच्या डब्यांमागून मान फिरवत राहिले. शेवटचा डबा गेला. फाटक वर उचललं गेलं आणि मागच्या हॉर्नांचा एकच गोंधळ सुरू झाला. सवयीनं माझा हात खुर्चीच्या दांडीकडे गेला.

बाबांनी डावा हात मागे आणला, माझी बोटं चाचपली आणि एकेक करून दांडीवरून सोडवली. हिसडा नव्हता त्यात. मग तोच हात दोनदा हवेत हलवला. जा. ही खूण कुणालाही कळली असती.

काकांनी दांडी धरली. "अंधार पडायच्या आत आणतो," ते पुढं बघतच म्हणाले. "तिकडे एक कचोरीवाला आहे..."

"कचोरी नाही!" मी ओरडले.

"नुसता वास," काका म्हणाले. खुर्ची रुळांवरून खडखडत निघाली. पुढे उंटगाडी, दोन्ही बाजूंनी स्कूटर, आणि त्या गर्दीतून माझे बाबा वाट काढत पलीकडे चाललेले. मी अलीकडेच उभी राहिले. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच, टेम्पोवाल्यांच्या शिव्या खात, हसत उभी होते.